पंधरा पावलांच्या आत

१

आत्माराम ड्रायव्हरने आरसे निवडायला तीन दिवस लावले, तेव्हा रामआळीत त्याची बरीच थट्टा झाली. बायको बघायला गेला होतास तेव्हा एवढा वेळ लावला नव्हतास, असं लोक म्हणाले. आत्माराम हसला आणि आणखी एका दुकानाची पायरी चढला.

त्याला कारण होतं. त्याचे मालक रावसाहेब मुळये नोकरीतून निवृत्त होऊन मुंबईहून रत्नागिरीला आले, ते एक अजब वस्तू करवून घेऊन आले: मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची एक खोली. दोन चाकं, बाहेरून पत्रा, आत दोन बिछाने, स्टोव्ह ठेवायला फळी, दोन्ही बाजूंना जाळीच्या लहान खिडक्या आणि मागच्या अंगाला दार. संक्रांत झाली की पत्नीला घेऊन राजापूरपर्यंत जागोजाग मुक्काम करत जायचं, असा त्यांचा बेत होता. ह्या ओढत्या खोलीला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. गावाने पहिल्याच दिवशी तिला बिऱ्हाडगाडी म्हणून टाकलं.

ही बिऱ्हाडगाडी मोटारीपेक्षा दोन्हीकडून वीतभर रुंद होती. मोटारीच्या आरशात पाहिलं की नुसता पत्रा दिसायचा. कोकणातले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. एका अंगाला जांभ्याची दरड, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मागून उतारूंनी भरलेली एखादी सर्व्हिसची लॉरी भोंगा वाजवत अंगावर येते. मागचं दिसल्याशिवाय मी ही गाडी ओढणार नाही, असं आत्मारामने रावसाहेबांना तोंडावर सांगितलं. रावसाहेबांना राग आला नाही. "तुला पाहिजेत तसे आरसे घे," ते म्हणाले.

दुकानात गोल, फुगीर काचेचे विलायती आरसे होते. त्यांत सगळा रस्ता दिसायचा, पण सगळं लहान आणि लांब. पाठीशी आलेली बैलगाडी कोसभर मागे असल्यासारखी वाटायची. आत्मारामला ते खोटारडे वाटले. शेवटी त्याने एका न्हाव्याच्या दुकानातला मोठा सपाट आरसा विकत घेतला आणि त्याचे दोन तुकडे कापून घेतले. बाबल्या लोहाराने त्यांना चौकटी केल्या आणि हातभर लांबीच्या लोखंडी दांड्यांवर, मिटता येतील अशा बिजागऱ्या लावून, ते मोटारीच्या दोन्ही अंगांना बसवले.

मग त्यांनी ते पारखले. आत्माराम स्टिअरिंगमागे बसला आणि बाबल्या लाल पंचा खांद्यावर टाकून रस्त्याने लांब गेला. तिथून तो गाडीच्या दिशेने पावलं मोजत येऊ लागला. चाळीस पावलांवर तो डोक्यापासून पायांपर्यंत दिसत होता. तीस पावलांवर दिसत होता. वीस पावलांवर त्याचा खांदा तेवढा उजव्या आरशाच्या कडेला उरला. आणि पंधरा पावलांवर बाबल्या दोन्ही आरशांतून नाहीसा झाला.

"आता कुठं हायस?" आत्मारामने ओरडून विचारलं.

"ह्यो काय, तुज्या पाठीशीच!" असं म्हणत बाबल्याने मागच्या दारावर थाप मारली. "पंधरा पावलांच्या आत आलेला मानूस तुला दिसायचा न्हाय, आत्मारामदादा."

"न्हाय दिसला तर न्हाय," आत्माराम म्हणाला. "एवढ्या जवळ येईस्तोवर मला दिसलेलाच असंल की."

२

आरशांच्या नादात आत्माराम घरी उशिरा जाऊ लागला होता. खरं सांगायचं तर घरी जायचं त्याच्या जिवावर येत होतं. त्याची सात वर्षांची चिमा अकरा दिवस तापाने पडली होती. एकुलती एक पोर. मोटारीच्या भोंग्याची हुबेहूब नक्कल करणारी, बापाच्या पाठीवर बसून एक थाप मारून "थांब" आणि दोन थापा मारून "चल" म्हणणारी. सर्व्हिसच्या लॉरीत क्लीनर पत्र्यावर तसंच करतो, ते बघून ती शिकली होती. आता तिला डोळे उघडायचंही त्राण नव्हतं. आत्मारामची बायको राही तिच्या उशाशी बसून असायची.

बाराव्या दिवशी राहीची आई गंगुबाई आली. तिने पोरीवरून उतारा उतरला: भात, अर्धा नारळ, हळदकुंकू, बांबूच्या एका रोवळीत. ती रोवळी तिने आत्मारामच्या हातात दिली.

"शिवेवरच्या तिठ्यावर नेऊन ठेव. ठेवलास का सरळ निघायचा. मान फिरवून मागं बगायचा न्हाय. कोन हाक मारलंन तरी ओ द्यायचा न्हाय."

आत्मारामचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. इंजिन बिघडलं तर ते उघडून बघायचं, एवढंच त्याला माहीत. पण राहीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो निमूट उठला. नाहीतरी बिऱ्हाडगाडी जोडून रस्त्यावर चालवून बघायची होतीच. एका फेरीत दोन्ही कामं होतील, असा त्याने हिशोब केला.

तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर पोचला तेव्हा दिवस मावळत होता. चिटपाखरू नव्हतं. त्याने रोवळी खाली ठेवली, स्टिअरिंगमागे येऊन बसला आणि गाडी चालू केली. मान फिरवली नाही. एवढं मात्र खरं, की त्याने सांगितलेलं पाळलं.

पुढे वळण होतं. वळणावर मागची गाडी दरडीला घासते का, हे ड्रायव्हरने बघायचंच असतं. त्यासाठी तर तीन दिवस घालवले होते. त्याचे डोळे आपसूक उजव्या आरशाकडे गेले.

रोवळीपाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठीवर इरलं होतं. भातलावणीच्या पावसात बायामाणसं डोक्यावरून पाठीपर्यंत पानांचं इरलं घेतात, तसलं. त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. गाडी वळता वळता ते इरलं उठून उभं राहिलं.

अर्धा मैल गेल्यावर आत्मारामच्या मनात आलं: पौष चालू आहे. तीन महिन्यांत पावसाचा थेंब नाही. मग इरलं घेऊन कोण फिरतंय?

३

घरात शिरला तशी गंगुबाईने विचारलं, "मागं बगलास न्हाय ना?"

"मान फिरवली न्हाय," आत्माराम म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. ह्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरीही तो राहीच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

दुसऱ्या दिवशी चिमाचा ताप उतरला. तिने पेज घेतली आणि भिंतीला टेकून बसली. गंगुबाईने देवापुढे साखर ठेवली. आत्मारामला इतका आनंद झाला, की तो अंगणात जाऊन उगाच शीळ घालत राहिला. म्हातारीचं म्हणणं बरोबर होतं आणि आपलंही काही चुकलं नव्हतं. आरशात बघणं म्हणजे काही मागे बघणं नव्हे. डोळे तर पुढेच होते.

त्या दुपारी तो गाडी घेऊन हातखंब्याकडे निघाला. नाचणे गावातली घरं मागे पडली, आणि उजव्या आरशात रस्त्याच्या मधोमध इरलं दिसलं.

ते चालत होतं. लावणीला वाकलेलं माणूस सरळ न होताच चालू लागावं, तसं. गाडी ताशी पंधरा मैलांनी जात होती आणि ते चाळीस पावलांवर होतं. आत्मारामने वेग वाढवला. बिऱ्हाडगाडीतली भांडी खडखडू लागली. इरलं चाळीस पावलांवरच होतं, आणि त्याच्या चालीत घाई नव्हती. मग आत्मारामने गाडी थांबवली, खाली उतरला आणि सरळ मागे जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने उडवलेली तांबडी धूळ हळूहळू खाली बसत होती.

त्याने स्वतःची समजूत घातली. काच न्हाव्याची, जुनी. पाठीमागचा पारा उडाला असेल आणि तो डाग माणसासारखा दिसत असेल. त्याने काच पंचाने पुसली. डावी काच उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. परतताना इरलं पुन्हा उजव्याच आरशात दिसलं. मग त्याला वाटलं, आपल्या डोळ्यात मोतीबिंदू धरत असेल. एरवी ह्या विचाराने ड्रायव्हर माणसाची झोप उडाली असती. त्या दिवशी आत्माराम मनापासून म्हणाला, देवा, मोतीबिंदूच असू दे.

रात्री चिमाला पुन्हा ताप भरला. ह्या खेपेला तिने पोट धरलं आणि ओरडली.

४

सकाळी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आत्मारामला बाहेर नेलं. पोटात पू धरला होता. कापून काढायला हवा होता, आणि तेवढी सोय मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात होती. "उद्या संध्याकाळपर्यंत पोचवा," डॉक्टर म्हणाले. "पण निजवून न्या. बसवून नेलीत तर वाटेतच फुटेल."

रावसाहेबांना कळलं तेव्हा ते स्वतः आत्मारामच्या अंगणात आले. "बिऱ्हाडगाडीत बिछाना आहे. माझा प्रवास राहू दे. आजच निघ," त्यांनी सांगितलं. असा मालक मिळायला नशीब लागतं. आत्मारामने त्यांचे पाय धरले, आणि त्याच क्षणी त्याला वाटलं की आरसे काढून टाकावेत. पण पुढे आंबा घाट होता. मागचं न दिसता ती गाडी घाटात घालणं म्हणजे पोरीला दरीत लोटणं होतं.

त्याने चिमाला बिछान्यावर निजवलं. शेजारी राही बसली. आत्मारामने तिच्या हातात लाटणं दिलं.

"पुढच्या पत्र्यावर मारायचा. एक थाप म्हंजे थांब. दोन म्हंजे सगळा बरा हाय, चला. दर गावाला मला दोन थापा दे, म्हंजे माजा जीव ठिकानावर राहील."

"अवो, तुमचा चेहरा असा का झालाय?" राहीने विचारलं.

"काय न्हाय गो," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

हातखंब्याला पत्र्यावर दोन थापा पडल्या. आत्मारामने मान डोलावली आणि मग आरशात पाहिलं. चाळीस पावलांवर इरलं होतं.

पालीला दोन थापा पडल्या. इरलं तीस पावलांवर आलं होतं. बाबल्या तीस पावलांवर केवढा दिसला होता, ते आत्मारामला नेमकं आठवत होतं. इरल्याची पानं वाळून काळी पडली होती. कडेला ती तुटली होती, आणि खाली दिसणाऱ्या पायांना चिखल होता. ओला.

फुगीर काचेत ते एवढं जवळ दिसलं नसतं, असा वेडगळ विचार त्याच्या मनात आला. आपणच खरं दाखवणारी काच निवडली.

नाणीज गेलं. साखरपा आला. दर गावाला दोन थापा पडत होत्या, आणि दर थापेनंतर तो शपथ घेत होता की आता बघायचं नाही. पण रस्ता चिंचोळा होता, वळणं होती, गाडीत पोर होती. बघितल्याशिवाय तिला सांभाळून नेता येत नव्हतं. प्रत्येक वेळी बघितलं की ते आणखी पुढे आलेलं असायचं. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की ते चालण्याने जवळ येत नव्हतं. आपण बघतो तेवढंच ते जवळ येत होतं.

घाटाच्या मध्यावर एक लॉरी खाली येत होती. तिला वाट द्यायला आत्मारामने गाडी न थांबवता कडेला घेतली आणि आरशात पाहिलं. उजव्या आरशाच्या कडेला इरल्याचा खांदा तेवढा होता.

लॉरी निघून गेली. त्याने पुन्हा पाहिलं. उजव्या आरशात रस्ता, दरड, धूळ. डाव्या आरशात कठडा आणि दरी. रस्त्यावर कोणी नव्हतं.

बाबल्याचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू आल्यासारखं झालं. मागून दोन थापा पडल्या.

इथे कुठलंच गाव नव्हतं.

५

घाटमाथ्यावर पोचेपर्यंत त्याने गाडी थांबवली नाही, कारण चढावर थांबवता येत नव्हती. माथ्यावर चहाचं एक छप्पर होतं. तिथे त्याने ब्रेक दाबला आणि धावत मागे गेला. दार लावलेलं होतं. पायरीवर एक वाळलेलं काळं पान पडलं होतं.

आत चिमा बिछान्यावर निजली होती, आणि तिच्या पायांशी डोकं टेकून राही गाढ झोपली होती. तेरा रात्री जागलेली बाई. आत्मारामने तिला हलवलं.

"थापा कोनी मारल्या?"

"कसल्या थापा?" राही गोंधळून उठली. "हातखंब्याला मी मारल्या. मग माजा डोळा लागला." लाटणं बिछान्याखाली, भिंतीपर्यंत घरंगळत गेलं होतं.

चिमाला त्याने गोधडीत घट्ट गुंडाळलं, हात आत घेऊन, आणि मोटारीत पुढच्या लांब बैठकीवर आणलं. राहीच्या मांडीवर तिला निजवलं. मग बिऱ्हाडगाडीच्या चाकांना दगड लावले आणि जोडाची खीळ काढली. चहावाल्याला म्हणाला, "रावसाहेब मुळयांची गाडी हाय. संबाळा." रावसाहेब काय म्हणतील, नोकरी राहील की जाईल, ह्याचा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नाही. दोन्ही आरसे त्याने बिजागरीवर मिटून आत वळवले.

"अवो, चाललाय काय तुमचा?" राहीचा आवाज फुटला. "पोरीला हलवू नका म्हनाले ना डाक्तर?"

"आता रस्ता सपाट हाय. माज्यावर भरोसा ठेव."

मोटार हलकी झाली होती आणि भरधाव निघाली. मलकापूर मागे पडलं. चिमा शांत होती, श्वास चालू होता. आत्मारामला वाटलं, सुटलो. जे काही होतं ते बिऱ्हाडगाडीबरोबर माथ्यावर राहिलं. त्याने राहीकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसला.

तेवढ्यात मोटारीच्या मागच्या पत्र्यावर, आतून नव्हे, बाहेरून, दोन थापा पडल्या.

"काय वाजला?" राही म्हणाली.

"चाकाखालचा दगड उडाला," आत्माराम म्हणाला.

कोल्हापूरला दोन थापा पडल्या. हातकणंगल्याला दोन. वाळली पानं पत्र्याला घासल्याची सळसळ मधूनमधून येत होती. चल म्हणतंय तोवर चलायचं, असं आत्माराम स्वतःशी म्हणत होता. चालत्या गाडीला भीती नाही. आणि मग त्याला उमगलं, की मिरज जवळ येत होती. पोर वाचायची असेल तर दवाखान्याशी गाडी थांबवावीच लागणार होती.

६

दवाखान्याच्या फाटकात ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. समोर तीन पायऱ्या होत्या आणि काचेचं मोठं दार. आत नुकताच दिवा लागला होता. आत्मारामचा पाय ब्रेकवर होता, पण तो दाबवेना. मोटार फाटकातून शिरली आणि पायऱ्यांसमोरून संथपणे पुढे गेली.

"अवो, थांबा की!" राही किंचाळली. "ह्योच ना दवाखाना? चिमाचे ओठ बगा काळे पडलेत!"

आत्मारामने ओठ पाहिले आणि ब्रेक दाबला.

मागच्या पत्र्यावर एकच थाप पडली.

एक थाप म्हणजे कुणाला तरी उतरायचं असतं. आत्मारामने विचार केला नाही. त्याने चिमाला गोधडीसकट उचलून खांद्यावर घेतलं आणि पायऱ्यांकडे निघाला. समोरच्या काचेत बाहेरचं सगळं दिसणार, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने डोळे गच्च मिटले. ह्या खेपेला तो बघणार नव्हता. मानेनेही नाही आणि काचेतूनही नाही. एक पायरी. दोन. पोरीचा ऊन श्वास त्याच्या मानेला लागत होता. राही त्याच्या मागून येत होती, आणि राहीच्या मागे सुकी सळसळ येत होती.

"अवो!" राही एकदम म्हणाली. तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. "चिमानं डोळं उगडलंन! तुमच्या खांद्यावरून मागं बगतेय बगा, टकामका!"

आत्माराम तिसऱ्या पायरीवर थिजला. खांद्यावर घेतलेल्या पोरीचं तोंड मागे असतं, हे त्याला आत्ता सुचलं.

"चिमा," तो पुटपुटला, "डोळे मीट. मीट गो बाय माजी."

तिचे दोन्ही हात गोधडीच्या आत, त्याच्या छातीशी होते. ते हललेले त्याला कळले असते. त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे ती रोज मारायची तिथे, कोणीतरी हलकेच दोन थापा मारल्या.